ती निघून आली, पुढचं वर्ष कसं सांभाळायचं?

मारहाणीला कंटाळून निघालेल्या बाईला पहिल्या आठवड्यात मदत करायला माणसं कमी पडत नाहीत. भाऊ गाडी घेऊन जातो, आई रडते, शेजारणी चहा आणून देतात, गावातला एखादा कार्यकर्ता ठाण्यात फोन लावतो. तिसऱ्या महिन्यात चित्र बदललेलं असतं. भावजयीच्या कपाळाला आठी पडलेली असते, कोर्टाची तारीख पुढं गेलेली असते, पोराचं शाळेत नाव लागलेलं नसतं आणि नवऱ्याकडची चार माणसं ‘झालं गेलं विसरा’ म्हणत ओसरीवर येऊन बसलेली असतात. बाई परत जाते ती बहुतेक वेळा इथून. मारहाण थांबली म्हणून जात नाही, इथं टिकता आलं नाही म्हणून जाते.

त्यामुळं हा लेख जितका निघण्याबद्दल आहे, त्याहून जास्त निघाल्यानंतरच्या वर्षाबद्दल आहे. आशाताई, अंगणवाडीताई, बचतगटांचं काम बघणाऱ्या गावातल्या ताई (सीआरपी), शिक्षक, शेजारीण, भाऊ, अशा कुणालाही यातलं एखादं काम उचलता येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांमागं साधारण एकीनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात अशी हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली जेमतेम १४ टक्के जणींनी. म्हणजे तुमच्यापर्यंत जी आली, ती मोठा अडथळा ओलांडून आली आहे.

आधी ऐकून घ्या

बाई सरळ सांगत नाही. गटाचा हप्ता भरायला पैसे नाहीत म्हणते, हात पडून मोडला म्हणते, बैठकीला पदर जरा जास्तच ओढून येते. चारचौघींत विचारू नका. हापशावर, शेतातून येताना, दवाखान्याच्या रांगेत, ती एकटी असेल तेव्हा ‘घरी कुणी त्रास देतंय का गं?’ इतकंच विचारा. बोलायला लागली की मधे तोंड घालू नका. ‘तू काही उलट बोललीस का’, ‘दारू सुटली की नीट होईल’, ‘लेकरांकडं बघून दिवस काढ’ ही वाक्यं तिनं माहेरी दहादा ऐकलेली असतात. त्याऐवजी म्हणा, ‘तू खरं सांगतेस हे मला पटतंय. काय करायचं ते तू ठरव, मी सोबत आहे.’

मग दोन गोष्टी पाळा. तिनं सांगितलेलं तुमच्या घरातसुद्धा बोलू नका. गावात भिंतीला कान नसतात, पारावर असतात. आणि तिच्या नवऱ्याला ‘समजावून सांगायला’ जाऊ नका. दिवसा त्याला कुणी समजावलं, की रात्री तिचा हिशोब होतो.

निघायचं की नाही हे तिच्यावर सोडा. आपल्याला उत्साह येतो, ‘चल आत्ताच’ असं वाटतं. पण लेकरं, दिवस, पैसा, सासऱ्याचा स्वभाव या सगळ्याचं गणित तिला तुमच्याहून जास्त कळतं. फक्त धोका किती आहे, हे मात्र नीट विचारून घ्या. त्यानं कधी गळा दाबला का? रॉकेल, पेट्रोल, औषध (शेतात मारायचं) याची भीती घातली का? कोयता, कुऱ्हाड उगारली का? पोटुशी असताना मारलं का? ‘तू गेलीस तर तुला मारून मीही मरीन’ म्हणाला का? संशय सारखा वाढतोय का? यातल्या एखाद्यालाही हो असेल, तर पुढची तयारी महिन्याची नाही, दिवसांची समजा. गळा दाबण्याला तर कधीच हलकं घेऊ नका, अंगावर वळ नसला तरी.

मुलगी अठराच्या आतली असेल, आणि आपल्याकडं बालविवाह अजून थांबलेले नाहीत, तर रस्ता वेगळा आहे. चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करून बालकल्याण समितीपर्यंत पोचा. अशा मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही कळवली नाही, तर पोक्सो कायद्यात तो आपलाच गुन्हा ठरतो, हे आशाताईंनी लक्षात ठेवावं. बालविवाह झालेल्या मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत तो विवाह कोर्टातून रद्द करून घेता येतो.

तयारी गुपचूप

कागद एकदम गोळा केले की घरात कळतं. एकेक करून शेजारणीकडं किंवा गटाच्या सचिवाकडं ठेवायचे. मूळ कागद हलवता येत नसेल तर फोटो काढून विश्वासातल्या बाईच्या फोनवर पाठवायचा आणि स्वतःच्या फोनवरून पुसून टाकायचा. लागतं ते असं: तिचं आणि मुलांचं आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो (लग्नाची नोंदणी बहुतेकांची नसतेच), बँकेचं आणि गटाचं पासबुक, जुने दवाखान्याचे कागद, जॉबकार्ड. बहुतेकजणी विसरतात ती नवऱ्याच्या कमाईची खूण: सातबारा, पगाराची चिठ्ठी, गाडीचं आरसी, दुकानाच्या पाटीचा फोटो. पुढं पोटगीच्या वेळी तो ‘मी तर मजुरी करतो’ म्हणणार, हे धरूनच चाला.

फोनची गोष्ट सगळ्यात अवघड. सिम नवऱ्याच्या नावावर, आधारला नंबर नवऱ्याचा, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्याही फोनवर उघडलेलं. लाडकी बहीणचे पंधराशे आले तरी मेसेज त्यालाच जातो. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलता येतो, तिथं नवऱ्याची सही लागत नाही. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत फक्त तिच्या नावानं खातं उघडावं आणि ‘सरकारी पैसे या खात्यावर यावेत’ म्हणून आधार सीडिंगचा अर्ज तिथंच द्यावा. नुसतं खातं उघडून भागत नाही, पैसे जुन्याच खात्यावर पडत राहतात. हे सगळं निघायच्या आधी करायचं की नंतर, ते जपून ठरवा. नंबर बदलल्याचं त्याला त्याच दिवशी समजू शकतं. फोनमधलं लोकेशन शेअरिंग मात्र निघताना बंद करायलाच हवं. जमलं तर तो फोन मागंच राहू द्यावा.

दागिने तिचे तिनं न्यावेत. स्त्रीधन आहे ते, चोरी नव्हे. सासरच्यांनी ठाण्यात ‘सोनं घेऊन पळाली’ असा अर्ज देण्याची चाल जुनी आहे, म्हणून नेलेल्या वस्तूंची यादी आणि फोटो ठेवा.

निघायचा दिवस

आठवडी बाजाराचा दिवस चांगला. पिशवी घेऊन निघालेल्या बाईकडं त्या दिवशी कुणी वळून बघत नाही. दवाखान्याची तारीख, मुलाची लस, हेही चालतं. गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहू नये, तिथं भावकीतलं कुणीतरी भेटतंच. पुढच्या गावापर्यंत कुणीतरी गाडीवर सोडावं. एसटीत बायकांना निम्मंच तिकीट लागतं, तरी हजार-पाचशे रुपये गटानं आधीच काढून तिच्या हाती द्यावेत. मुलांना सोबत घेऊनच निघावं. ‘नंतर आणू’ म्हटलं की मुलं सासरी अडकतात आणि बाई त्यांच्यासाठी परत जाते. निघताना चिठ्ठी, भांडण, शेवटचं बोलणं, काही नको. मारून टाकण्याइतका राग बाई सोडून जाताना उफाळतो, हे जगभराच्या अनुभवाचं आहे.

अचानक रात्री निघावं लागलं तर पोलिसांचा तातडीचा नंबर ११२. तिला घेऊन चाललेल्या माणसाचा नंबर तिच्याकडं आणि तुमच्याकडंही असू द्या.

पहिले चार दिवस

आधी सरकारी दवाखाना. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरची घाटी, जवळ असेल ते. डॉक्टरांना ‘पडले’ सांगू नये. ‘नवऱ्यानं मारलं’ असं केसपेपरवर लिहून घ्यावं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी दवाखान्याची नोंद, करायला सांगावं. दोन वर्षांनी कोर्टात बोलतो तो हाच कागद.

मग सखी वन स्टॉप सेंटर. ही केंद्रं देशात १ एप्रिल २०१५ पासून सुरू झाली आणि आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणीही आहेत. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, समुपदेशक आणि वकील भेटतात. मुलगा मोठा असेल तर सोबत राहू देतात का, ते फोनवर आधी विचारा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन याच केंद्रापर्यंत पोचवते. जास्त दिवसांची सोय शक्ती सदन किंवा शासकीय महिला राज्यगृहात होते. माहेर जवळ असलं तरी धोका मोठा असेल तर पहिले काही दिवस माहेरी नकोच. तो सगळ्यात आधी तिथंच येतो.

तिसरं काम संरक्षण अधिकाऱ्याकडं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्याखाली नोंदवायच्या अहवालाला सगळे डीआयआर म्हणतात. अधिकारी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडून समजतात, बऱ्याच तालुक्यांतही बसतात. ‘आधी समुपदेशनाच्या तीन तारखा करा, मग अर्ज घेतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, कायद्यात अशी अट नाही. आणि ही माहिती बाईनंच द्यायला हवी असंही नाही. कलम ४ प्रमाणं कुणीही देऊ शकतं, चांगल्या हेतूनं देणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. गावातल्या आशाताईला हे कळलं की तिचा निम्मा धीर परत येतो.

पोलीस ठाण्यात नवऱ्याच्या क्रौर्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली लागतो. १ जुलै २०२४ च्या आधी ते ४९८-अ होतं आणि ठाण्यात अजून तेच नाव चालतं. हवालदार ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ म्हणाला तर थांबा: बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकानं सांगितलं तर हा गुन्हा दखलपात्र आहे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मात्र नाही, म्हणून तिच्यासोबत रक्ताच्या नात्यातलं कुणी असेल तर बरं. माहेरच्या गावातही तक्रार देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ठाण्यानं घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि पोच. तो लगेच आत जाईल या आशेवर मात्र कुणी राहू नये. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे, आणि अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये असं न्यायालयाचं २०१४ चं सांगणं आहे. नोटीस देऊन सोडतात. तो त्याच संध्याकाळी गावात मिशीला पीळ देत फिरू शकतो. तिला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटतं सगळं हरलं.

ओसरीवरची बैठक

पंधरा-वीस दिवसांत निरोप येतो: ‘बसून मिटवू.’ पाच-सात पुरुष, एखादा सरपंच, कधी तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, लग्न जमवलेला मध्यस्थ. बाई माजघरात. चहा होतो, ‘दिल्या घरी नांदली पाहिजे’ होतं, नवरा मान खाली घालतो, आणि शेवटी स्टॅम्पपेपर निघतो.

बैठकीला विरोध करून गावात टिकता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणून टाळण्यापेक्षा तिची पद्धत बदला. बाई समोर बसेल, माजघरात नाही. तिच्या बाजूला दोन बायका बसतील. ती नको म्हणाली तर बैठक नाही. त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा नाही, कागद वकिलाला दाखवून आठ दिवसांनी बघू. मारहाण मिटवायचा विषय नाही, मिटवायचं असेल तर दागिने, कागदपत्रं आणि मुलांच्या खर्चाचं मिटवा.

कागदाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं फसवणूक होते. नोटरीकडं स्टॅम्पवर लिहिलेल्या फारकतीनं हिंदू विवाह मोडत नाही. त्या जातीत काडीमोडाची रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करावं लागतं. ‘पोटगी मागणार नाही’ असं लिहून घेतलेलंही कोर्टं सहसा धरत नाहीत, त्यामुळं आधी सही केलेल्या बाईनंही आशा सोडू नये. मुस्लिम बहिणींसाठी: एका दमात दिलेला तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दच आहे, आणि तलाक झालेल्या बाईलाही सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं. हिंसाचाराचा कायदा सगळ्याच धर्मांना लागू आहे.

काही समाजांत बैठकीऐवजी जातपंचायत बसते आणि बाईच्या माहेराला वाळीत टाकण्याची धमकी येते. तो महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पंचांना कलम वाचून दाखवायची वेळ सहसा येत नाही. कायदा आहे एवढं कुणीतरी शांतपणे सांगितलं की आवाज खाली येतो.

कोर्टात काय मागायचं

वकील फुकट मिळतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं तिचा तो हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, फोन १५१००. हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज ती सध्या राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं चालतो. त्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई हे एकत्र मागता येतं. पहिल्याच तारखेला अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागा. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून तिच्या हातात काही पडायचं तर अंतरिमच. संरक्षणाचा आदेश मोडला तर नवऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा आदेशाची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या.

पोटगी मंजूर होऊनही तो भरत नसेल तर वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो. इथं फार जणींचे पैसे बुडतात. गटाच्या वहीत तिच्या तारखांचं एक पान ठेवा आणि प्रत्येक तारखेला सोबत कोण जाणार ते आधीच लिहून काढा. कोर्टाच्या आवारात नवरा आणि त्याचे मित्र समोर उभे असताना एकटी बाई खचते. सोबत कुणी नुसतं बसलेलं असलं तरी फरक पडतो.

भाकरीचा हिशोब

भावजयीला खलनायिका करणं सोपं आहे. चार माणसांच्या स्वयंपाकात तीन माणसं वाढली तर ज्वारी कुणाच्या कोठीतली जाते, याचा विचार गावानं करावा. गटानं पहिले सहा महिने पाच-दहा किलो धान्य आणि थोडं तेल-डाळ दिलं, तर बाई घरात पाहुणी म्हणून राहत नाही आणि भावजयीची कुरबुरही निम्म्यावर येते. भावाच्या मनात आणखी एक भीती असते, बहीण वाटा मागेल याची. वाटा तर तिचा आहेच, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका. पण ‘राहू देतो, आधी हक्कसोडपत्रावर सही कर’ असा सौदा होत असेल तर तिला सावध करा.

सरकारी बाजू अशी. तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डातून नाव कमी करून स्वतंत्र रेशनकार्डाचा अर्ज. घटस्फोटाचा कागद मागितला तर डीआयआर आणि कोर्टातल्या अर्जाची प्रत जोडा. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता, अत्याचारित आणि पोटगी न मिळणारी घटस्फोटित बाई बसते. महिना दीड हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळत नाहीत, एक निवडावं लागतं. मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाला शाळा परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. मुख्याध्यापकांना मात्र सांगून ठेवा की बाप अचानक न्यायला आला तर आईला कळवल्याशिवाय मूल देऊ नये. शक्य असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत शाळेत द्या.

कोयत्याचं काय

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या बऱ्याच बायकांची हिंसा उसाच्या फडात घडते. दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहायचं, पहाटे फडात, रात्री मार. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून ती निघाली की कोयता मोडतो आणि टोळीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेले पैसे, मागायला तिच्या माहेरी येतो. उचल बहुतेक वेळा नवऱ्यानं घेतलेली आणि त्यानंच उडवलेली असते.

फडातून निघायचं तर ११२ परजिल्ह्यातही लागतो, शेजारच्या राज्यातही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, तो पुढं योग्य ठाण्याकडं जातो. उचलीसाठी बाईला किंवा लेकराला अडवून ठेवलं तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याचा विषय आहे, अर्ज जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांना. मुकादमाशी बोलायला तिच्या भावाला एकटं पाठवू नका, सरपंच किंवा गटाच्या तिघी-चौघी सोबत हव्यात. आणि पुढच्या हंगामाच्या आत तिला गावात काम मिळायला हवं: रोहयोचं स्वतंत्र जॉबकार्ड, शाळेतला पोषण आहार, शिलाई, गटाकडून शेळीसाठी कर्ज. नाहीतर दसऱ्याला ती त्याच टोळीत जाते, कधी त्याच नवऱ्याबरोबर.

तुमची स्वतःची काळजी

नवरा एक दिवस तुमच्याही दारात येईल. दार उघडून वाद घालू नका. ११२ लावा, फोनवर रेकॉर्ड करा, ठाण्यात लेखी द्या. तिच्या घरी जायचं तर दोघींनी. एकाच ताईवर सगळं टाकलं तर ती सहा महिन्यांत थकते. म्हणून कोर्टाला एक, दवाखान्याला दुसरी, शाळेला तिसरी असं वाटून घ्या.

ती परत गेली तर

बऱ्याच जणी परत जातात, काही दोनदा-तीनदा. ‘एवढं केलं आणि गेली’ म्हणून तिच्याशी बोलणं बंद करू नका, कारण पुढच्या वेळी ती तुमच्याच दारात यायला हवी. जाण्याआधी तिच्याशी एक खुणेचा शब्द ठरवा: फोनवर ‘दळण आणलं का’ विचारलं तर लगेच ११२ लावायचा. तिच्या कागदांच्या प्रती गटाच्या पेटीत राहू द्या, वकिलाला विचारल्याशिवाय केस मागं घेऊ देऊ नका, नवं खातं आणि नंबर तसाच चालू ठेवा. हप्त्याच्या बैठकीला ती येते का ते बघा. लागोपाठ दोनदा आली नाही, तर त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाचं, बारशाचं, काहीतरी निमित्त काढून दोघीजणी तिच्या घरी जाऊन या.